लुळ्या हाताचा खांदा

घरांतील वडील माणसास अर्धांगवायूचा झटका आला म्हणजे सर्वांचें लक्ष वाचेकडे आणि पायांकडे लागतें. खांद्याची आठवण होते ती बहुधा वेदना सुरू झाल्यावर.

आमच्या थोरल्या काकांचें असेंच झालें. तिसऱ्या आठवड्यांत त्यांना कूस बदलवेना. रात्र रात्र ते कण्हत. शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं मोठ्या कळकळीनें कप्पी व दोरी आणून दिली. चांगल्या हातानें ओढून लुळा हात वर न्यावा, म्हणजे खांदा मोकळा होईल, असा त्यांचा सल्ला. व्यायामोपचारासाठीं येणाऱ्या बाईंनीं मात्र ती कप्पी टांगूं दिली नाहीं. त्यांनीं सांगितलेलें कारण प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ खोबणींत बसविलेला गोळा. त्यास जागीं धरण्याचें काम बव्हंशीं भोंवतालचे स्नायु करतात. ते लुळे पडले कीं हाताच्या भारानें गोळा खालीं सरकतो. पुढें कांहीं स्नायु ताठरले म्हणजे दंड आंत वळतो. तशा स्थितींत हात वर ओढल्यास मधले मऊ भाग हाडांत चेंगरतात. 1990 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या 28 रोग्यांच्या एका लहानशा अभ्यासांत कप्पीनें व्यायाम करणाऱ्यांपैकीं शेंकडा 62 जणांस खांदेदुखी जडली. उपचारकाच्या हातून बेतानें हालचाल करून घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा 8 होतें.

मग करावें काय? बसतांना कोपरापासून पंजापर्यंत हात उशीवर टेकवावा. उठवितांना हात धरून किंवा काखेंत हात घालून ओढूं नये. गळ्यांतील झोळी उभें राहतांना व चालतांना उपयोगी. दिवसभर बांधल्यास सांधा आंखडतो. हात हलवितांना दंड बाहेर वळवावा, खांद्याचें पातें सोबत फिरूं द्यावें, आणि दुखूं लागतांच थांबावें. विजेच्या सौम्य उत्तेजनानें गोळा सरकणें कांहींसें आटोक्यांत येतें. परंतु वेदनेवर तो रामबाण नव्हे. पंजास सूज आल्यास डॉक्टरांस दाखवावें.

काकू हें सर्व आधीं शिकल्या, मग त्यांनीं मुलांना व सुनांना शिकविलें. हळूहळू काकांची झोंप परतली. हात अद्यापि कामाचा झालेला नाहीं, पण कोणी पाहुणा आधार देण्यास पुढें सरसावला कीं ते स्वतःच बजावतात, "हात ओढूं नका, बाबांनो, कमरेस धरा."

एकत्र कुटुंबांत हातभार लावणारे पुष्कळ, हें रोग्याचें भाग्यच. मात्र दहाजणांनीं दहा तऱ्हांनीं ओढल्यास तीच माया खांद्यास भोंवते. म्हणून पहिल्याच आठवड्यांत सर्वांनीं एक रीत शिकून घ्यावी.