डबलसीट, पण शेजारी

उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार म्हणजे चार चाकांची मोटरसायकलच, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं ते सगळे कारवाले होते. मोटरसायकल चालवणाऱ्या एकानेही असं म्हटल्याचं आठवत नाही. वारा लागतो, वर आकाश दिसतं, आणखी काय हवं, असा कारवाल्यांचा हिशेब. वाऱ्याचं पुढे सांगतेच. पण माझी खरी फजिती झाली ती वळणांवर.

मी मूळची पुण्याची, म्हणजे दुचाकीवर वाढलेली. लहानपणी आईच्या लूनावर मागे, कॉलेजात कायनेटिक होंडा, मग भावाकडून हट्टाने शिकलेली बुलेट. चारचाकीची गरज कधी पडली नाही, आणि पडली असती तरी नारायण पेठेत ती लावणार कुठे? लग्नानंतर इंग्लंडमध्ये शेफील्डला आले, तिथेही आधी मोटरसायकलचंच लायसन्स काढलं. ट्रायम्फ बॉनव्हिल घेतली. मी पुढे, नवरा डबलसीट, असा आम्ही पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ मुलूख पालथा घातला. पण शेफील्ड हे चढउतारांचं गाव. सव्वादोनशे किलोचं धूड चढावरच्या सिग्नलला डाव्या पायावर तोलून धरायचं तर गुडघा शाबूत हवा. माझा राहिला नाही. फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या, "आता चाकं वाढवा." मी कारचं लायसन्स काढलं. शिकवणाऱ्या मास्तरांची छोटी बंद हॅचबॅक सोडली तर कारशी माझा काही संबंध आलेला नव्हता.

शेजारच्या आजोबांकडे तरुणपणी ट्रायम्फ स्पिटफायर होती. ट्रायम्फच्या मोटरसायकली आणि मोटारी मुळात एकाच घरच्या, 1936 साली त्यांच्या वाटण्या झाल्या. तेव्हा "लव्ह, घरातल्या घरातच बदल कर," असा आजोबांचा आग्रह. पण स्पिटफायर बंद झाली 1980 साली. ती घेणं म्हणजे दर रविवारी बॉनेटखाली डोकं. मी घेतली माझदा एमएक्स-5, दुसऱ्या पिढीची, 2003 सालची. दोन सीट, कापडी टप, 1.8 लिटरचं इंजिन, वजन टनाच्या आसपास. गंमत अशी की या छोट्या उघड्या गाड्या म्हणजे एकेकाळी ब्रिटिशांची मिरास: एमजी, ट्रायम्फ, लोटस. त्यांनी हात आखडता घेतला. मग बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांच्या डोक्यात ही कल्पना सोडली, आणि 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात ही जपानी गाडी लोकांपुढे आली. 2016 पर्यंत अशा दहा लाख गाड्या झाल्या होत्या. आपल्याकडेही असा एक प्रयत्न होऊन गेला. सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, रेनोच्या इंजिनाची उघडी गाडी गोव्यात बनत असे. नवऱ्याने एकदा पाहिली होती. ती लाल होती, एवढंच त्याला सांगता येतं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "छप्पर नसलेली? पैसे कमी पडले का गं?"

सुरुवातीला माझे हातपाय जुन्याच नोकरीवर हजर होत होते. मोटरसायकलचा क्लच डाव्या हाताला, गिअर डाव्या पायाला, पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि मागचा उजव्या पायाला. इतक्या वर्षांत ही कामं डोक्यातून उतरून अंगात गेलेली. त्यामुळे सिग्नल आला की माझी डावी मूठ आवळली जाई, आणि क्लच दाबल्याच्या समाधानात मी असतानाच गाडी आचका देऊन बंद पडे. त्याच वेळी डावा पाय रस्त्यावर टेकायला निघे आणि गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर आपटे. वळण संपलं की अंगठा इंडिकेटर बंद करायचं बटण शोधत स्टिअरिंगवर फिरे. इंडिकेटर तोवर आपला आपण बंद झालेला असे. मोटरसायकलचे गिअर एकापुढे एक, जिन्याने चढावं तसे चढायचे आणि तसेच उतरायचे. इथे पाचव्यातून थेट दुसऱ्यात जाता येतं, आणि चुकून तिसऱ्याऐवजी पहिल्यातही. एक मात्र कबूल करायला हवं: या गाडीचा गिअरचा दांडा इतका बुटका आणि नेमका आहे की मनगट हललं की गिअर पडतो. उगीचच गिअर बदलत बसावंसं वाटतं. आणि रिव्हर्स! आजवर मागे जायचं म्हणजे दोन्ही पायांनी ढकलत जायचं. इंजिनाच्या जोरावर मागे जाणं मला अजूनही जरा उद्धटपणाचं वाटतं.

आता वळणं. शेफील्डहून पश्चिमेला ग्लॉसपकडे जाणारा ए-57 रस्ता डोंगर ओलांडतो, त्याला स्नेक पास म्हणतात. वाटेत लेडीबॉवरचा जलाशय लागतो. त्याच्या पाण्याखाली डरवेंट आणि अ‍ॅशोप्टन ही दोन गावं गेली. मुळशी धरणाकडचा माणूस तिथे जरा गप्प होतो. पुढे देवदारांसारख्या उंच सूचिपर्णी झाडांतून रस्ता चढत जातो, मग उघड्या माळावर येतो. हा रस्ता मला बॉनव्हिलवर तोंडपाठ होता. माझदातून गेले तेव्हा पहिल्याच डाव्या वळणाला मी उजव्या दारावर जाऊन आदळले. वेग होता चाळीस मैल, म्हणजे एरवी मी त्या वळणावर ज्या वेगाने जात असे त्याहून कमीच. टायर कुरकुरलेसुद्धा नव्हते. पण गाडी आता उलटणार, अशी माझी खात्री झाली होती. शेजारी नवरा शेंगदाणे खात होता.

याचं कारण मला बऱ्याच दिवसांनी उमगलं. थोडा वेग आला की मोटरसायकल डावीकडे न्यायला हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते. पुढचं चाक क्षणभर उजवीकडे जातं, त्याने गाडी डावीकडे कलते आणि कलली की डावीकडे वळते. सायकलवरही आपण हेच करतो, फक्त हात ते परस्पर करतात, आपल्याला पत्ता नसतो. आणि गाडी कललेली असल्यामुळे बाहेर फेकणारा जोर आणि आपलं वजन यांची गोळाबेरीज सरळ सीटमध्ये उतरते. आपण थोडे जड होतो, बस. कुणी बाजूला ढकलतंय असं वाटतच नाही. म्हणजे वळणाचा आडवा जोर कसा असतो हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलंच नव्हतं! कारही कलते, पण उलट बाजूला, बाहेर. माझं डोकं सवयीने आत झुकायचं, धड बाहेर जायचं, आणि मान मधल्या मध्ये सापडायची.

माझदावाले म्हणतात की घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत तशी ही गाडी त्यांनी घडवली. माझा याबाबतीत थोडा मतभेद आहे. घोड्यावर आणि मोटरसायकलवर स्वाराचं वजन हा गाडी चालवण्याचा भाग असतो. खांदा जरा आत नेला, गुडघा टाकीला दाबला की फरक पडतो. या गाडीत मी कितीही वाकले तरी तिला त्याचं सोयरसुतक नाही. मोटरसायकल मी सोडली की पडते. ही मी उतरून घरात चहा प्यायला गेले तरी उभी. तोल सांभाळायचं माझं काम गेलं, आणि त्या रिकाम्या झालेल्या लक्षाचं करायचं काय हे कळायला वेळ लागला.

उपाय शेवटी साधा निघाला. क्लचच्या डावीकडे पाय टेकायला जागा असते. तिथे डावा पाय रोवायचा, पाठ सीटला चिकटवायची, म्हणजे स्टिअरिंगला लोंबकळावं लागत नाही. मग हातांना चाकांचं ऐकू येऊ लागतं. ब्रेक वळणाआधी संपवायचा, रस्त्याच्या दोन कडा जिथे एकमेकींना मिळताना दिसतात तिथे नजर ठेवायची, तो बिंदू पुढे पळू लागला की वेग द्यायचा. हे मोटरसायकलच्या शिकवणीत इथे पढवतात आणि ते कारमध्ये जसंच्या तसं लागू पडतं. दोन वाहनांत खरं साम्य असलंच तर ते इथे आहे.

फरक रुंदीत आहे. मोटरसायकलवर एकाच लेनमध्ये मला तीन वाटा होत्या. डाव्या वळणाला लेनच्या उजव्या कडेला सरकलं की पुढचं लवकर दिसायचं. माझदा जेमतेम 1.68 मीटर रुंद, तरी इथल्या दगडी कुंपणांच्या गल्ल्यांत ती लेन भरून टाकते. खड्डा चुकवायला जावं तर एक चाक वाचतं, दुसरं जातं. उलट ओली पानं, सांडलेलं डिझेल, गटाराची लोखंडी झाकणं, ज्यांना पाहून पोटात गोळा यायचा, त्यांच्यावरून ही गाडी काही न घडल्यासारखी जाते. मी मात्र अजून श्वास रोखते.

वाऱ्याबद्दल सांगायचं राहिलं. मोटरसायकलवर वारा छातीवर येतो आणि तो कुठून येणार हे ठाऊक असतं. उघड्या कारमध्ये तो समोरच्या काचेवरून उडी मारून पुढे जातो आणि मागून वळून मानेत शिरतो. केस पुढे, तोंडात. यावर माझ्याकडे पुण्याचा जालीम उपाय होता: डोळे तेवढे उघडे ठेवून बांधलेला स्कार्फ. लेकीने पाहिलं आणि म्हणाली, "आई, बँक लुटायला चाललीस का?" पण मानेचा प्रश्न सुटला. थंडीत टप उघडा ठेवून पायांवर हीटर सोडायचा, हा चैनीचा प्रकार मला मोटरसायकलने कधी दिला नव्हता. रिमझिम पावसात तर चालत राहिलं की पाणी डोक्यावरून निघून जातं आणि थांबलं की मांडीवर. पावसात लाल सिग्नल लागला की आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसतो.

बसण्याची उंची हा वेगळाच धडा. बॉनव्हिलवरून मला गाड्यांच्या टपांवरून पलीकडचं दिसायचं. आता मोटारमार्गावर शेजारी ट्रक आला की माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या चाकाचे नट असतात. टप लावलेला असताना खांद्यावरून मागे पाहावं तर कापड दिसतं.

मोटरसायकलवाले इथे समोरासमोर आले की मान हलवतात, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो. माझी मान अजून हलते. समोरून उत्तर येत नाही. मॅटलॉक बाथला रविवारी नदीकाठच्या रस्त्यावर मोटरसायकलींची रांग लागते. तिथे माझदा लावून उतरले तर ओळखीची माणसं माझ्या आरपार पाहत होती. एकदा मात्र समोरून तशाच माझदातल्या बाईंनी जोरात हात केला. पुण्यात अनोळखी माणसाने रस्त्यात हात केला तर त्याचा अर्थ एकच, साइड स्टँड खाली राहिलाय किंवा ओढणी चाकात जातेय. मी गाडी बाजूला घेतली, डिकी तपासली, चाकं पाहिली. सगळं ठीक. पुढे आणखी एकाने हात केला तेव्हा कळलं की ही यांची रामराम करण्याची रीत.

देखभालीचंही तसंच. चेनला तेल द्यायचं सुटलं, त्या जागी नाल्या आल्या. टपावरचं पाणी सीटांच्या मागे, दोन्ही बाजूंच्या बारीक नळ्यांतून गाडीखाली जातं. त्यांत पानं अडकली की पाणी तुंबतं, गालिचा भिजतो आणि दारांखालचा पत्रा आतून गंजतो. या गाड्यांचं मरण इंजिनाने क्वचित येतं, गंजाने येतं. शेजारच्या आजोबांनी गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी दिली. ती नळीत घालून फिरवायची. शरद ऋतूत झाडांखाली गाडी लावायची नाही. विमा कंपनीने माझी मोटरसायकलवरची इतक्या वर्षांची स्वच्छ नोंद मोजली नाही आणि नवशिकीचा हप्ता लावला, त्याबद्दल मी इथे जास्त बोलत नाही.

पण सगळ्यात मोठा बदल डाव्या सीटवर बसलेला आहे. मोटरसायकलवर नवऱ्याची भाषा थापांची होती. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे चहा. त्यात वाद घालायची सोय नव्हती. आता तो शेजारी बसून बोलतो. वळण, मेंढ्या, पेट्रोलचा काटा, माझ्या मावसभावाचं वागणं, सगळ्यावर बोलतो. पहिल्या काही फेऱ्यांत मला हेल्मेटची फार आठवण आली. मग हळूहळू मीही बोलायला लागले.

परवा ग्लॉसपच्या पुढे मॉट्रमला नेहमीची लांबलचक रांग होती. आरशात मागून मोटरसायकली येताना दिसल्या, म्हणून मी गाडी डावीकडे सरकवून त्यांना वाट दिली. एकेक जण पुढे जाताना पाय बाहेर काढून हलवत गेला.

"लाथ दाखवून गेले की!" नवरा चिडला.

"आभार मानले त्यांनी. रांगेतून जाताना दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून पाय. मीही करायचे."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे ते आभार होते? मला मागे बसून इतकी वर्षं वाटायचं, तुझ्या पायात गोळे येतात. मी तुला मॅग्नेशियमच्या गोळ्या आणून द्यायचो, त्या कशासाठी असं वाटत होतं तुला?"