चालींचा हिशेब

मनुष्य आपले पराभव लवकर विसरतो. विजय मात्र, आणि तोही एखादाच असला तर, जन्मभर जपून ठेवतो. आमच्या पदरी असा एक विजय आहे. वयाच्या अकराव्या वर्षी आम्ही बुद्धिबळाच्या एका डावात वडिलांवर मात केली होती. त्यांच्या पश्चात त्यांची एक वही हाती आली. तीत घरी खेळलेल्या डावांच्या चाली टिपलेल्या होत्या, आणि त्यांत तो डावही होता. पट मांडून तो पुन्हा पाहू लागलो, तर दोन चाली मागे जाताच कोणता मोहरा कोठे होता याचा घोटाळा होई. म्हणून संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये डाव मांडावयाचे आम्ही ठरविले.

हिशेबासाठी निर्माण झालेल्या या तक्त्यास बुद्धिबळाचे ज्ञान काडीचेही नसते. पण त्याची गरजही नाही. पटाच्या ६४ घरांसाठी ६४ ओळी घ्याव्या आणि प्रत्येक चालीसाठी एक स्तंभ. स्तंभाच्या माथ्यावर मोहरा कोणत्या घरातून निघाला व कोणत्या घरी गेला, एवढेच लिहावे. मग प्रत्येक घरास एकच सूत्र पुरते : निघालेले घर रिकामे करावे, पोहोचलेल्या घरी तो मोहरा ठेवावा, बाकीच्या घरांनी मागील स्तंभात जे होते तेच धरावे. मारलेल्या मोहऱ्याची सहसा निराळी विल्हेवाट लावावी लागत नाही. त्याच्या जागी दुसरा आला की तो आपोआप नाहीसा होतो. शेजारी पट आखून कोपऱ्यात चालीचा आकडा लिहिला, की त्या वेळची स्थिती समोर उभी राहते.

परीक्षेसाठी आम्ही पॉल मॉर्फीचा १७ चालींचा डाव घेतला. तो त्याने १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात ब्रन्सविकचा ड्यूक व काउंट इझुआर या जोडीविरुद्ध जिंकला होता. बाराव्या चालीस मॉर्फीने किल्लेकोट केला. आमच्या सूत्राने राजा हलविला, पण हत्ती कोपऱ्यातच राहिला. पुढच्या चालीस डी-१ वरील हत्तीने डी-७ वरील घोडा मारावयाचा, तर डी-१ वर हत्तीच नाही! घोडा मेला, मारणारा मात्र कोणीच दिसेना. तेव्हा एकाच चालीत दोन मोहरे हलविण्याची सोय करावी लागली. मग डाव बिनचूक चालला. त्याच्या अखेरीस बी-८ या घरी काळा घोडा उभा असतो. पाहणारास वाटावे की हा आरंभापासून हललाच नाही. वस्तुतः तो राजाकडचा घोडा, तीन उड्या मारून तेथे आलेला. नुसत्या अखेरच्या पटावरून हे कळत नाही.

नंतर वडिलांची वही उघडली. तीतील चाली जुन्या इंग्रजी पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येक खेळाडूने आपापल्या बाजूने घरे मोजण्याच्या. त्यांचे रूपांतर करण्यात दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री आम्ही एकेक आकडा वाढवीत आपला पराक्रम पाहू लागलो आणि ४६ या आकड्यावर थबकलो. पांढरे मोहरे वडिलांचे, चाल त्यांची. उंटाच्या आधाराने त्यांचा वजीर एच-७ वर गेला असता, तर आमच्या राजावर तेथेच मात होती. आम्ही ४७ लिहिले. कडेचे एक प्यादे एक घर पुढे सरकले.

वडील खेळात कोणाची भीड धरणारे नव्हते. पाहुण्यांसही ते सवलत देत नसत. पण दिवसभर कचेरीत आकडे तपासून आल्यावर दिव्याखाली त्यांचे डोळे चुरचुरत, हेही आम्हांस आठवते. ती मात त्यांना दिसली नाही, की दिसूनही त्यांनी प्यादे सरकविले? आम्ही ४६ आणि ४७ हे आकडे कितीदा तरी आलटून पालटून लिहिले. प्यादे मागे जाई, पुढे येई. वहीत त्या चालीपुढे कोणतीही खूण नव्हती. डावाच्या शेवटी मात्र आमचे नाव आणि त्यापुढे 'जिंकला' हा शब्द त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेला होता.

अखेर आम्ही डाव पुढे चालविला. त्या प्याद्यानंतरच्या आमच्या दहाही चाली आम्ही बारकाईने तपासल्या. त्यांत एकही चूक सापडली नाही. तेवढा विजय आम्ही आमचा मानतो. त्याआधीच्या चालीचा हिशेब वडिलांच्या नावावर ठेवला आहे.