परत आलेली माणसे

माणूस गेला म्हणजे तो कायमचा गेला, हे आपल्या घराघरांतून कोणी मनापासून मानीत नाही. वर्ष-दोन वर्षांत त्या घरी पाळणा हलतो. बारशाला जमलेल्या बायकांपैकी कोणीतरी पाळण्यात डोकावते, डोळ्यांना पदर लावते आणि म्हणते, "आले हो मामंजी परत!" झाले. एवढ्या पुराव्यावर बाळाच्या कानात आजोबांचे नाव सांगितले जाते. खरी पंचाईत पुढेच असते. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे कसे, आणि नवऱ्याचे नाव आजीने? तेव्हा ते नाव शाळेच्या दाखल्यापुरते राखून ठेवतात आणि मुलाला बाळ, नाना, अप्पा असे काहीतरी म्हणू लागतात. परत आलेला माणूस असा दारातच नाव बदलून घरात शिरतो!

मीही अशा परत आलेल्यांपैकीच एक. माझ्या जन्माआधी चार महिने आजोबा वारले. पुढे माझे अक्षर वळणदार निघाले, ते त्यांचे. मी तापट निघालो, तेही त्यांचेच. मला कारले आवडत नसे, हे मात्र 'कोण जाणे कुठून आले' या सदरात जमा होई, कारण आजोबा कारले आवडीने खात. 'खाण तशी माती' ही म्हण आमच्या घरी वरिष्ठ कोर्टाच्या निकालासारखी वापरली जाई. तिच्यावर अपील नसे. आजोबांना वगळून माझे स्वतःचे असे काही माझ्यापाशी आहे की नाही, असा प्रश्न मला पुष्कळदा पडे. पण तक्रार कोणाकडे करणार? ज्यांच्याविरुद्ध फिर्याद करायची ते गृहस्थ भिंतीवरच्या तसबिरीतून इतक्या मायेने पाहत असत, की शब्द ओठांतच राही.

या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले आणि तेही एका मांजरीकडून. ही मांजर आमच्या आळीतली नव्हे. ती अमेरिकेतल्या टेक्सासची. तिची हकिकत मोठी मौजेची आहे.

गेले शतक संपत आले तेव्हा अमेरिकेतल्या एका धनिकाच्या मनाने घेतले, की आपली मिसी नावाची लाडकी कुत्री आहे, हुबेहूब तशीच दुसरी कुत्री करून घ्यावी. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना त्याने त्यासाठी पैसा पुरवला. कुत्रीचे काही जमेना. यश आले ते मांजरीच्या बाबतीत. रेनबो, म्हणजे इंद्रधनुष्य, नावाची एक तिरंगी मांजर त्यांच्यापाशी होती. पांढरे अंग आणि त्यावर काळी नि केशरी ठिगळे. तिच्या शरीरातली एक पेशी घेतली, पेशीतले केंद्रक एका रिकाम्या केलेल्या बीजांडात ठेवले आणि तो गर्भ दुसऱ्याच मांजरीच्या पोटात वाढवला. असे ८७ गर्भ करून पाहिले, त्यांतला एकच जगला. २२ डिसेंबर २००१ रोजी पिल्लू जन्मले आणि त्याचे नाव ठेवले 'सीसी'. कार्बन कॉपीची ही आद्याक्षरे. बारसे आपल्याच पद्धतीने झाले म्हणायचे: रेनबो आली हो परत!

पण पिल्लाच्या अंगावर केस दिसू लागले तेव्हा सगळे पाहतच राहिले. पांढऱ्या अंगावर करडे पट्टे, आणि केशरी रंग औषधालासुद्धा नाही! अदलाबदल झाली असावी अशी शंका कोणालाही येईल. तपासण्या झाल्या. अदलाबदल नव्हती. केंद्रकातला मजकूर अक्षरन् अक्षर रेनबोचा होता. प्रत बिनचूक होती, फक्त ती मूळ मांजरीसारखी दिसत नव्हती.

हे कोडे सोडवायचे तर पेशी आपली पोथी कशी वाचते ते पाहावे लागते. आपल्या शरीरात जवळजवळ प्रत्येक पेशीपाशी सगळीच्या सगळी पोथी असते. माणसाची पोथी सुमारे ३०० कोटी अक्षरांची, आणि तिच्यात प्रथिने करण्याच्या साधारण २०,००० कृती. त्यांनाच आपण जनुके म्हणतो. यकृताच्या पेशीपाशी जी पोथी, तीच डोळ्याच्या पेशीपाशी. तरी यकृत पाहत नाही आणि डोळा पित्त करीत नाही. पाकशास्त्राचे एकच पुस्तक दोन घरी असावे, एका घरी चकलीचे पान तेलाने पारदर्शक झालेले असावे आणि दुसऱ्या घरी त्याच पानाची घडीसुद्धा मोडलेली नसावी, तसा हा प्रकार. कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटून ठेवायचे याच्या खुणा पेशी करून ठेवते. मिथिल नावाचा एक चिमुकला रेणुगट अक्षरांवर चिकटवते. प्रथिनांच्या रिळांवर तो अक्षरांचा धागा कुठे घट्ट, कुठे सैल गुंडाळते. मजकुराचा कानामात्रासुद्धा बदलत नाही. आणि पेशी दुभंगून एकीच्या दोन झाल्या, की लेकींना मजकुराबरोबर या खुणाही मिळतात. या साऱ्या व्यवहाराच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द कॉनरॅड वॉडिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४२ साली योजला, म्हणजे डीएनएची घडण १९५३ मध्ये उलगडण्याच्याही अकरा वर्षे आधी.

मिटलेल्या पानाचा पहिला माग लागला तोही मांजरीतच. १९४९ साली कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवार्ट बर्ट्राम हे मांजरांच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काही मांजरांच्या पेशींत केंद्रकात एक काळसर ठिपका दिसे, काहींत दिसत नसे. नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा कळले, की ठिपका भाटीत असतो, बोक्यात नसतो. या ठिपक्याचा पुरता अर्थ १९६१ साली इंग्लंडमध्ये मेरी लायन या विदुषीने लावला. मादीला एक्स नावाची गुणसूत्रे दोन असतात, एक आईकडचे आणि एक बापाकडचे. नराला एकच. दोन्ही एकदम बोलू लागली तर गोंगाट होईल. म्हणून गर्भ अगदी कोवळा, काही दिवसांचा असतानाच त्याची प्रत्येक पेशी दोहोंपैकी एका एक्सला गप्प करते. कोणाला, ते तिचे ती ठरवते. शेजारणीला विचारीत नाही. एकदा ठरले, की तिच्या लेकी-नातींत तोच शब्द पाळला जातो. पुढे १९९१ साली या गप्प करण्याची किल्ली सापडली. जे एक्स झोपायचे असते तेच एक लांबलचक धागा तयार करते आणि तो धागा त्यालाच वेढून टाकतो. आपली गोधडी आपणच विणून ते झोपी जाते म्हणा ना!

मांजरीत केशरी की काळे हे ठरवणारी जागा या एक्सवरच असते. रेनबोच्या एका एक्सवर केशरी, दुसऱ्यावर काळे. जिथे केशरीवाले जागे तिथे केशरी ठिगळ, जिथे ते निजलेले तिथे काळे. तिरंगी मांजर बहुतेक भाटीच का असते याचेही उत्तर यातच आहे. २०२५ साली जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी केशरी रंगाचे मूळही शोधून काढले. तिथे एका जनुकाजवळची सुमारे ५,००० अक्षरे गळालेली असतात आणि त्यामुळे ते जनुक रंगपेशींत, जिथे त्याने निजलेले असायचे तिथे, जागे राहते. कोणाच्या तरी निजण्या-जागण्यावर एवढी रंगपंचमी!

आता सीसीचे कोडे सुटते. रेनबोची जी एक पेशी उचलली तिच्यात केशरीवाले एक्स निजलेले होते. केंद्रक एका घरातून दुसऱ्या घरात गेले, पण ती झोप मोडली नाही. सीसीच्या अंगातल्या पेशीपेशीत केशरी रंगाचा मजकूर होता. तो अंगभर वागवीत ती अठरा वर्षे जगली, आणि त्याचा एक केससुद्धा झाला नाही. पांढऱ्या भागाची गोष्ट आणखी निराळी. गर्भात रंगपेशी पाठीकडून पोटाकडे प्रवास करीत येतात. कुठवर पोचतील ते त्या त्या प्रवासावर असते. वर्तमानपत्रांनी असेही लिहिले, की रेनबो अंगाने भरलेली आणि अबोल. सीसी शेलाटी आणि खेळकर. २००६ साली सीसीला पिल्ले झाली. मार्च २०२० मध्ये ती म्हातारी होऊन वारली. रेनबो म्हणून ती एक दिवसही जगली नाही.

हे सारे मी कुतूहलाने वाचीत होतो, तोवर ती परक्या मांजरीची गोष्ट होती. गेल्या वर्षी ती माझ्या घरात आली. माझी पत्नी जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मुलाला मुलगी झाली. नात हनुवटीखाली मूठ घेऊन निजते. पत्नीही तशीच निजत असे. तान्ही मुले बहुतेक तशीच निजतात हे मला ठाऊक आहे. पण पहिल्यांदा ती मूठ पाहिली तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन उगाच पाणी प्यालो. शेजारपाजारच्या बायकांनी निकाल देऊनच टाकला, "आजीच आली हो परत." विहीणबाई तेवढ्या म्हणाल्या, "जिवणी मात्र आमच्या थोरल्या बहिणीची!" आणि एक दिवस सून हळूच म्हणाली, "बाबा, आईंचेच नाव ठेवायचे ना?"

मी तिला लगेच उत्तर दिले नाही. दोन दिवस मी हिशेब मांडीत बसलो. सरासरीने नातीत आजीचा वाटा पाव. पण एक्सची वाट निराळी आहे. मुलाला एक्स मिळते ते आईकडूनच, बापाकडून नाही. त्याला मुलगी झाली की तेच एक्स, दुसरे जोडीला नसल्यामुळे जवळजवळ जसेच्या तसे, तो तिला देतो. म्हणजे माझ्या पत्नीने मुलाच्या हाती सोपवलेले आठ-नऊशे जनुकांचे ते बाड कुठेही न फुटता नातीपाशी पोचले आहे. शेजारणी अगदीच खोटे बोलत नव्हत्या! पण नातीच्या पेशींपैकी सुमारे निम्म्यांत ते एक्स जागे आहे. उरलेल्या निम्म्यांत ते गोधडी पांघरून निजले आहे आणि तिथे सुनेकडचे, म्हणजे व्याही-विहिणींचे, बोलते आहे. कुठे कोणते, हे नातीच्या इवल्या गर्भाने काही दिवसांचा असतानाच ठरवून टाकले. आमच्यापैकी कोणी तिथे नव्हते. रेनबोच्या ठिगळांसारखी ही ठिगळे नातीच्या अंगभर आहेत, फक्त ती डोळ्यांना दिसत नाहीत. माझ्या पत्नीचे हसणे, रुसणे, भाजीवाल्याशी तास तास घासाघीस करणे यातले काही त्या बाडात नव्हते. ते तिने सत्तर वर्षांत स्वतः मिळवले होते, आणि ते तिच्याबरोबर गेले. हे लिहितानाही हात जरा थांबतो. पण हिशेब तसा आहे.

तिसऱ्या दिवशी मी सुनेला म्हणालो, "आईचे नाव आईपाशीच राहू दे. हिला हिचे शोधा." तिने माझ्याकडे निरखून पाहिले, मी रागावून बोलतो आहे की काय, हे ती पाहत असावी. मग तिला हायसे वाटलेले दिसले. सासूचे नाव दिवसातून पन्नास वेळा हाकारायचे, रागे भरतानाही तेच घ्यायचे, हे तिला तरी कसे जमले असते? मला मात्र माझ्या आजोबांची आठवण झाली. त्या बिचाऱ्यांनाही आपले नाव आपल्यापाशी ठेवायला आवडले असते, कोण जाणे. कारले आवडणारा माणूस जगात एकदाच येऊन गेला, आणि कारले न आवडणारा मी वेगळा आलो. यात दोघांचाही मान राहतो.

हिशेबाच्या शेवटी एक गोष्ट मात्र अशी निघाली, की ती मला अजून पुरवून पुरवून आठवावीशी वाटते. मुलगी जन्मते तेव्हाच तिची बीजांडे तिच्या पोटात तयार असतात. सगळ्या देहात निम्मी-निम्मी झोपलेली ही गुणसूत्रे त्या पेशींत आईच्या पोटात असतानाच जागी होतात. गोधडी दूर होते, दोन्ही एक्स शेजारी शेजारी येतात आणि आपापल्या धाग्यांचे तुकडे एकमेकांत अदलून बदलून घेतात. आज जी रांगते आहे, दात येतात म्हणून लाळ गाळते आहे, तिच्यापाशी ही देवघेव होऊनही गेली. तिथे माझ्या पत्नीचा धागा आणि सुनेच्या माहेरचा धागा असे एकमेकांत गुंफले गेले आहेत, की त्यांतून पुढेमागे जे कोणी जन्माला येईल ते कोणाचे परत येणे असणार नाही. ते पहिल्यांदाच येत असेल.