थरथर

आम्हा फोंडेकरांना हुबळी परकी नाही. २०१४ साली तिचे सरकारी नाव 'हुब्बळ्ळी' झाले, पण आमच्या तोंडी ती हुबळीच राहिली. लग्नाच्या साड्या असोत की मोठा डॉक्टर, मोले, अनमोडचा घाट, रामनगर, अळणावर, धारवाड ही वाट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. यावेळी निमित्त बाबांच्या उजव्या हाताचे होते. वर्षभर तो थरथरत होता. "वय झाले, आणखी काय?" असे म्हणत आम्ही दिवस ढकलत होतो. शेवटी आईने हट्ट धरला आणि मेंदूविकारतज्ज्ञाची वेळ घ्यायला लावली.

योगायोग म्हणा, पण त्याच सुमारास गाडीही थरथरू लागली होती. ऐंशीच्या पुढे काटा गेला, की सगळी गाडी अंगात आल्यासारखी हलायची. फोंड्यातच दोनदा दाखवून झाले होते. पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग झाले, अलाइनमेंट झाले, एकाने तर इंजिनाचे माउंटिंगही बदलून दिले. बिले वाढली, थरथर होती तशीच राहिली. मग मी ऐंशीच्या आत चालवायला शिकलो. माणूस आजाराशी असाच जुळवून घेतो, नाही का?

धारवाड सोडून बायपासला लागलो आणि ती थरथर ऐंशीच्या आतही जाणवू लागली. हा रस्ता आमच्या घरी सर्वांना धसका देणारा. मे २०२२ मध्ये याच बायपासवर, तारिहाळजवळ, कोल्हापूरहून बंगळूरला निघालेली खासगी बस आणि लॉरी यांची मध्यरात्री टक्कर होऊन कित्येक जीव गेले होते. मागच्या सीटवर आई-बाबा होते. मी गाडी तारिहाळला खाली उतरवली. औद्योगिक वसाहतीचा भाग तो. लहानमोठे कारखाने, उभे असलेले ट्रक, लोखंड कापल्याचा आवाज. विचारत विचारत एका गॅरेजपाशी पोहोचलो.

मिस्त्री साठीच्या आसपासचे. कानडी वळणाचे मराठी बोलत होते. मी काय काय बदलले याची यादी सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर करून थांबवले.

"ते राहू दे साहेब. यावाग? म्हंजे, हलते कधी?"

मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून, हलते का? नाही. म्हणजे इंजिन आणि त्याचे माउंटिंग बहुतेक सुटले. ब्रेक दाबल्यावर वाढते का? नाही. म्हणजे ब्रेकच्या डिस्का सुटल्या. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना वाढते आणि सोडल्यावर थांबते का? तसेही नाही. म्हणजे चाकांकडे जाणारे शाफ्ट सुटले. एकेका प्रश्नासरशी गाडीचा एकेक भाग निर्दोष सुटत होता, आणि एक पाना अजून हातात घेतला नव्हता!

उरली चाके. नव्वदच्या वेगाला आमच्या लहान गाडीचे चाक सेकंदाला जवळजवळ चौदा वेळा फिरते. त्यात एका बाजूला थोडेसे वजन जास्त झाले, तर तेवढेच हिसके सेकंदाला बसतात, आणि वेग दुप्पट झाला की हिसक्याचा जोर चौपट होतो. म्हणून बॅलन्सिंगचा दोष सहसा वेगातच कळतो, हळू चालवताना लपून राहतो. हे सगळे त्यांनी आकडे न सांगता, बोट गोल फिरवून समजावले.

"आता सांगा. हलते कुठे? स्टिअरिंग हलते का सीट?"

मी म्हटले, "सगळेच हलते." त्यांचे समाधान झाले नाही. स्टिअरिंग हलले तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, बूड हलले तर मागच्या. ते मागच्या खिडकीशी वाकले. "अज्जा, तुम्हाला काय वाटते?"

बाबा शांतपणे म्हणाले, "माझ्या बाजूला, खालून येते. हळू चालवतानाही गाडी जरा डुलते. घाटात तो मोठा खड्डा लागला, तेव्हापासून वाढली."

मी थक्क झालो. म्हटले, "बाबा, बोलला का नाहीत?"

"तू विचारलेस कुठे?"

मिस्त्रींनी मान डोलावली. हळू चालवतानाही डुलते, म्हणजे नुसते वजन कमी-जास्त नाही, चाकाचा आकारच बिघडला आहे. जॅक लावून बाबांच्या बाजूचे मागचे चाक उचलले, हाताने फिरवले आणि टायरच्या आतल्या बाजूवरून तळवा फिरवत नेला. एका जागी तळवा थांबला. माझा हात धरून तिथे ठेवला. लिंबाएवढा फुगवटा! खड्ड्याच्या दणक्याने टायरच्या आतले धागे तुटले होते आणि आतली हवा रबराला बाहेर ढकलत होती. बाहेरून टायर अगदी धडधाकट दिसत होता. असा टायर वेगात केव्हाही फुटू शकतो. बाबा नेमके त्याच्यावर बसून आले होते.

स्टेपनी चढवली, हवा तपासली. पैसे विचारले तर चाक बदलण्याचेच घेतले. "विचारायचे पैसे नसतात," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे बसलो. मी पुन्हा यादी सुरू केली, बी-१२ ची इंजेक्शने, कुणी सांगितलेला काढा... डॉक्टरांनी बाबांकडे पाहून विचारले, "हात हलतो कधी? काही उचलताना, की नुसता ठेवलेला असताना?"

मला एकदम तारिहाळ आठवले. मी गप्प बसलो आणि बाबांना बोलू दिले.

बाबा म्हणाले, "रिकामा असला की हलतो. सोमवारच्या भजनाला पेटीवर ठेवला की थांबतो. पण बोटे पूर्वीसारखी धावत नाहीत."

हा फरकच महत्त्वाचा असतो, असे डॉक्टरांनी सांगितले. कप उचलताना, सही करताना थरथरणारा हात बऱ्याचदा वेगळ्या विकाराचा असतो, आणि तो विकार अनेकदा घराण्यात चालत आलेला असतो. मांडीवर विसावलेला हात हलणे, तेही एकाच बाजूने सुरू होणे, याचा अर्थ निराळा. त्यांनी बाबांना चालायला लावले. उजवा हात चालीबरोबर झुलत नव्हता. एक ओळ लिहायला सांगितली. अक्षर पुढे पुढे बारीक होत गेले. सगळे वर्षभर आमच्या डोळ्यांसमोर होते. आपल्या वैद्यकाने 'कंपवात' म्हटलेला आणि १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेला तो आजार होता.

टायर बदलता येतो, हे बदलता येत नाही. औषधांनी हालचाल सोपी होते, आजार मुळातून जात नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. आईने डोळ्यांना पदर लावला. बाबांनी मात्र एकच विचारले, "पेटी वाजवू ना?" डॉक्टर म्हणाले, "रोज वाजवा."

परतीच्या वाटेवर, नवा टायर घालून, बायपासवर मी जपत जपत ऐंशी ओलांडली. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. आरशात पाहून मी पहिल्यांदाच विचारले, "बाबा, मागे काही जाणवते का?"

"ना रे," बाबा कोकणीत म्हणाले, "आतां बरी चलता."

त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता. आईने त्यावर आपला हात ठेवला होता.