ओझरला विमान येतं तेव्हा...

नाशिकचा वीकेण्ड म्हणजे काय? सकाळी झणझणीत मिसळ, दुपारी गंगापूर डॅम, संध्याकाळी वायनरी आणि रविवारी रात्री कसारा घाटातला ट्रॅफिक! हा प्लॅन तुम्हाला पाठच असेल. या वेळी मी जरा वाट वाकडी केली आणि आग्रा हायवेनं वीसेक किलोमीटरवरचं ओझर विमानतळ गाठलं.

टॅक्सीवाले काका आधीच म्हणाले, "मॅडम, विमान चालू आहे ना, ते बघून घ्या. मग गाडी काढतो."

मी हसले. काका हसले नाहीत.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि मध्येच समोर येते ती चकाचक काचेची बिल्डिंग. शेजारीच एचएएलचा कारखाना. साठच्या दशकापासून इथं मिग विमानं बनली, पुढे सुखोई, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथंच तयार झालेलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. म्हणजे लढाऊ विमानं नाशिककरांच्या रोजच्या ओळखीची. गंमत अशी, की आपल्याला बसायला मात्र विमान नव्हतं!

हे टर्मिनल सार्वजनिक बांधकाम खात्यानं बांधलं. खर्च सुमारे ८४ कोटी. मार्च २०१४ मध्ये उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो निघाले. पुढे काय? अधूनमधूनचा एखादा प्रयत्न सोडला तर जवळपास काहीच नाही. २०१५ चा सिंहस्थ आला आणि गेलासुद्धा.

सरकारी पैशानं इमारत उभी राहते, पण विमान कोण आणणार? यावर २०१६ मध्ये 'उडान' योजना आली. तिची आयडिया साधी आहे. छोट्या शहराच्या फ्लाइटमधल्या निम्म्या सीट्स स्वस्त ठेवायच्या, तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजार रुपये. कंपनीला जो तोटा होईल तो सरकारनं भरून द्यायचा. त्यातला वीस टक्के वाटा राज्याचा. हा पैसा येतो कुठून? मोठ्या शहरांमधल्या फ्लाइट्सवरच्या आकारातून. म्हणजे तुम्ही मुंबई-दिल्ली उडता, तेव्हा थोडं नाशिकलाही उडवता! शिवाय जुन्या, ओस पडलेल्या धावपट्ट्या सुधारायला केंद्रानं २०१७ मध्ये साडेचार हजार कोटी मंजूर केले, ते वेगळेच.

मग ओझरला जीव आला. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनची छोटी विमानं सुरू झाली. ती टिकली नाहीत. जून २०१८ मध्ये जेटनं दिल्ली जोडली. एप्रिल २०१९ मध्ये जेटच बंद पडली. पुढे इतर कंपन्या आल्या, काही गेल्या. मार्च २०२३ मध्ये इंडिगोनं गोवा, अहमदाबाद आणि नागपूर सुरू केलं.

काकांना ही सगळी हिस्टरी तोंडपाठ, कारण एकेक फ्लाइट म्हणजे त्यांचा एकेक हप्ता. "दिल्ली चालू झाली तेव्हा गाडी घेतली. बंद झाली तेव्हा बायकोची पोत गहाण पडली," त्यांनी गिअर बदलत सांगितलं.

माझा मुद्दा तोच आहे, बॉस. भिंतीला दिलेलं अनुदान एकदा दिलं की संपतं. सीटला दिलेलं अनुदान मात्र ठरावीक मुदतीचं असतं, साधारण तीन वर्षांचं. तेवढ्यात आपल्याला त्या विमानाची सवय लागली तर शहर जोडलं जातं. नाही लागली तर पुन्हा चकाचक, रिकामी काच. आणि माझ्या बॅचची निम्मी पोरं पुण्या-बंगळुरूला गेली ती कायमचीच. दोन तासांत घरी येता आलं असतं, तर त्यातली चार तरी इथूनच काम करायला राजी झाली असती.

आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, पुन्हा कोट्यवधींच्या गोष्टी होतील. होऊ देत. पण साधूंची गर्दी ओसरल्यावरच्या मंगळवारी विमान येतंय का, ते बघायचं.

तोवर एवढंच करा. पुढच्या ट्रिपला मुंबईची टॅक्सी बुक करण्याआधी एकदा ओझरचं टाइमटेबल बघा.

आम्ही निघणार, तेवढ्यात डोक्यावरून घरघर आली. काकांनी घड्याळ पाहिलं, गाडी बंद केली आणि म्हणाले, "दहा मिनिटं थांबता का मॅडम? परतीचं भाडं मिळतंय का बघतो."