डॉक्टरकीची पुस्तके आणि आपली मुले

आपल्या वस्तीत एखाद्या मुलाला किंवा मुलीला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला की आनंदाला सीमा राहत नाही. विहारात सत्कार होतो, हारतुरे होतात, फोटो निघतात. हे व्हायलाच पाहिजे. परंतु सत्कार आटोपून माणसे आपापल्या घरी गेल्यावर त्या एका घरात जो हिशेब सुरू होतो, त्याकडे आपले लक्ष जात नाही. फी सवलतीने भागते, शिष्यवृत्ती उशिरा का होईना येते; पण पुस्तकांचे काय? या प्रश्नावर आज चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटले.

आम्ही नागपूरला एका कार्यालयात कारकून आहोत. शिक्षण बी.कॉम. डॉक्टरी विद्येशी आमचा संबंध रुग्ण म्हणून रांगेत उभे राहण्यापुरताच. परंतु शेजारधर्मामुळे आम्हांला एका वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रंथालय आतून पाहता आले आणि तेथे जे कळले ते आपल्या प्रत्येक घरी कळावे अशी आमची इच्छा आहे.

आमच्या शेजारचे बंधू ऑटो चालवतात, वहिनी दोन घरचा स्वयंपाक करतात. त्यांची मुलगी नीट परीक्षा पास होऊन एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात लागली. पहिल्या वर्षाची पुस्तकांची यादी घेऊन वहिनी आमच्याकडे आल्या. चौरसियांच्या शरीररचनाशास्त्राचे खंड, गायटनचे शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्राचे एक जाडजूड पुस्तक, शिवाय चित्रांचा ॲटलास. आम्ही बेरीज केली. आकडा बारा हजारांच्या वर गेला. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, मंगळसूत्र गहाण ठेवतो जी, पण पोरीचं शिकणं थांबाले नाही पायजे."

आम्ही म्हटले, "थांबा वहिनी. आधी कॉलेजच्या ग्रंथालयात विचारू."

मुलगी खाली मान घालून बसली होती. खोदून विचारले तेव्हा बोलली. "काका, मी गेली होती. काउंटरवरचे साहेब सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलले, 'तुमच्या लोकांचं रजिस्टर वेगळं आहे, तिकडे उभी राहा.' मागे माझ्याच बॅचची मुलं होती. मी परत आली."

वाचकहो, बारा हजारांपेक्षा हा आकडा मोठा आहे. पैशाची उसनवारी फिटते, भर रांगेत झालेला अपमान फिटत नाही. आणि त्याच अपमानाच्या भीतीने आपली किती मुले हक्काच्या गोष्टीला हात लावत नसतील! आम्ही स्वतः कारकून आहोत. काउंटरच्या अलीकडे बसलेल्या माणसाच्या एका वाक्यात काय ताकद असते हे आम्ही रोज पाहतो. कागद तोच, नियम तोच. पण बोलण्याच्या रीतीने माणूस उभा राहतो किंवा मोडतो.

आम्ही तिला एवढेच सांगितले की, पुस्तक पेढी ही कुणाची मेहरबानी नाही. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाने ही योजना १९७८-७९ साली सुरू केली. त्यात पदवीच्या दोन विद्यार्थ्यांमागे पुस्तकांचा एक संच, पदव्युत्तर विद्यार्थ्याला स्वतंत्र संच, आणि संचाचे आयुष्य तीन वर्षे असे धोरण ठरले. आपल्या बौद्ध मुलांना केंद्राच्या सवलतींचे दार १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली तेव्हा उघडले. ते उघडावे म्हणून आपल्या आधीच्या पिढीने मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. आता त्या दारातून आत जाताना मान खाली कशासाठी?

शनिवारी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून आम्ही मुलीबरोबर गेलो. भांडायला गेलो नाही. मुख्य ग्रंथपाल बाईंना भेटलो, घडले ते शांतपणे सांगितले, आवाज चढवला नाही आणि कुणाचे नावही घेतले नाही. बाईंनी ऐकून घेतले. "पुढच्या आठवड्यापासून पेढीची नोंद त्याच काउंटरवर, त्याच रांगेत होईल," असे त्या म्हणाल्या आणि तसे झाले. मग त्यांनी आम्हां दोघांना सगळे ग्रंथालय हिंडून दाखवले. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे.

वैद्यकीय ग्रंथालयात देवघेव विभाग वेगळा आणि संदर्भ विभाग वेगळा. देवघेवीची पुस्तके ठराविक दिवसांसाठी घरी नेता येतात. मुदत चुकली तर दंड. संदर्भाची पुस्तके तेथेच बसून वाचायची. 'हॅरिसन'सारखे मोठे ग्रंथ श्रीमंताघरची मुलेसुद्धा तेथेच बसून उघडतात. म्हणजे ग्रंथालयात येणारा गरजू आणि बाहेर राहणारा सुखवस्तू, असे काही नाही. त्या शास्त्रात ग्रंथालयावाचून कुणाचेच चालत नाही.

दुसरी सोय वाचनकक्षाची. आपल्या घरात एक खोली, त्यात टीव्ही, पाहुणे, धाकटी भावंडे. रात्री दिवा लावला तर बापाची झोपमोड. अशा मुलाला उजेड, पंखा, टेबल आणि शांतता मिळणे हीच अर्धी शिष्यवृत्ती आहे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही तेथे लावून ठेवलेल्या असतात. आपल्या राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. त्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालय आपापल्या भागातील विद्यापीठाला जोडलेले असे.

तिसरी गोष्ट नियतकालिकांची. डॉक्टरी विद्या दरवर्षी पुढे सरकते. नवे संशोधन आधी मासिकांत येते, पुस्तकांत मागाहून. परदेशी मासिकांची वर्गणी इतकी की एकेका ग्रंथालयाला ती झेपत नाही. यावर केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके. केंद्र व राज्य शासनाच्या ६,३०० हून अधिक संस्थांतील विद्यार्थी-शिक्षकांसाठी ती आहे. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था तिचे काम पाहते. म्हणजे आडगावच्या शासकीय महाविद्यालयातील मुलगीही आता मोठ्या शहरातील मुलाइतकेच वाचू शकते. मात्र तिला ते ठाऊक पाहिजे आणि नोंदणी कशी करायची हे ग्रंथपालांना विचारले पाहिजे.

चौथी गोष्ट शोधण्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 'पबमेड' नावाची सूची १९९७ पासून सर्व जगाला फुकट खुली केली आहे. तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक लेखांची नोंद आहे. पण ढिगाऱ्यात हात घालून सुई सापडत नाही. त्यासाठी ठरवून दिलेली विषयशीर्षके वापरायची असतात. आपण 'हार्ट अटॅक' म्हणतो, तेथे ते 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या शीर्षकाखाली लावलेले असते. आम्हांला लगेच आमचे खतावणीचे रजिस्टर आठवले. खर्च कोणत्या खात्याला टाकला हे ठाऊक नसेल तर वर्षअखेर चिठ्ठी सापडत नाही! हे शिकवणे ग्रंथपालांचे काम आहे आणि विचारणाऱ्याला ते आनंदाने शिकवतात.

मुलीला पेढीचा संच मिळाला. भंडाऱ्याकडची एक मुलगी तिची जोडीदारीण. दोघींनी पुस्तकांचे वार वाटून घेतले. मंगळसूत्र वहिनींच्या गळ्यातच राहिले.

पुढे दुसऱ्या वर्षी जे घडले ते आम्हांला अधिक मोलाचे वाटते. वस्तीतील एका मुलीचे लग्न जमत होते. रक्त तपासले तर ती सिकलसेलची वाहक निघाली. झाले! "पोरगी रोगी आहे" अशी कुजबुज सुरू झाली, सोयरीक मोडायची वेळ आली. विदर्भात आपल्या आणि आदिवासी समाजात हा आजार बराच आहे, हे आपण जाणतोच. आमच्या या विद्यार्थिनीने ग्रंथालयात बसून पुस्तके व लेख पाहिले, आपल्या सरांकडून खात्री करून घेतली आणि रविवारी विहारात दोन्हीकडच्या मंडळींना मराठीत समजावून सांगितले. वाहक म्हणजे रोगी नव्हे. नवरा-बायकोपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त निर्दोष असेल तर मुलाला हा आजार होत नाही. मूल फार तर वाहक होईल. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा मुलीला नावे ठेवू नका, मुलाचेही रक्त तपासा.

मुलाचे रक्त तपासले, ते निर्दोष निघाले, लग्न झाले. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून २०४७ चे लक्ष्य ठेवले आहे. सरकारी पत्रके निघतील, फलक लागतील. पण कुजबुज थांबवायला आपल्याच वस्तीतली, आपल्याच भाषेत बोलणारी मुलगी लागली. ग्रंथालयातील ज्ञान असे चालत आपल्या दारी आले.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलाचा प्रवेश झाला की पुस्तकांसाठी कर्ज काढण्यापूर्वी त्याच्याबरोबर एकदा ग्रंथालयात जा. आपण शिकलेले नाही म्हणून संकोच करू नका. ओळखपत्र, जातीचा दाखला, अनामत रक्कम किती, पुस्तक पेढीचे त्या वर्षीचे नियम काय, वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा, हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. समाजकल्याण कार्यालयातही चौकशी करा. कुणी तोडून बोलले तर परत फिरू नका. त्याच्या वरच्याला भेटा, शांतपणे बोला, गरज पडल्यास लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि मुलांनो, पेढीचे पुस्तक जपून वापरा. त्यावर पेनाने रेघोट्या ओढू नका, पाने फाडू नका. वर्ष संपताच वेळेवर परत करा. तुमच्या मागून कुणाची तरी मुलगी त्याच रांगेत उभी राहणार आहे, तिला ते स्वच्छ आणि पूर्ण मिळाले पाहिजे.