भेटकलम

आमच्या लांज्याकडे आंब्याची कलमं बांधायच्या दोन रीती. एक कोयकलम. कोयीतून नुकतंच वर आलेलं कोवळं रोप घ्यायचं, त्याचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची आणि हापूसची काडी पाचरीसारखी तासून तिच्यात बसवायची. काडी आईच्या झाडापासून पुरती तुटलेली. जोड लवकर धरला तर जगली, नाहीतर सुकली. दुसरी जुनी रीत भेटकलमाची. कुंडीतलं रोप उचलून हापूसच्या फांदीपाशी न्यायचं, दोघांची साल तासायची आणि तासलेल्या जागा एकमेकींना लावून बांधायच्या. फांदी आईच्याच झाडावर असते, तिचाच रस पिते. दोन-तीन महिन्यांनी जोड पक्का झाला की मग तिला तोडायची. माझे दीर दोन्ही बांधतात. त्यांच्या हाताला यश आहे.

हे मला कधी माझ्या अंगाला लावून बघावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मी वाढले गोरेगावात. १९४९ साली मुंबईतल्या म्हशी हलवून आरे दूध वसाहत वसवली, तिथे पुढे माझे वडील कामाला लागले. तबेले, गवताची कुरणं, पाड्यांवरची भातं, पावसात शेवळं आणि टाकळा. मुंबईत राहूनही माझं लहानपण शेणामातीतच गेलं. लग्न लांज्यातल्या घरात झालं, बिऱ्हाड मात्र पुन्हा गोरेगावलाच. मी पोळी-भाजीचे डबे करते. मे महिन्यात आणि गणपतीला गावी जाते, तेव्हा विहिरीचं पाणी माझ्याकडे. पोहरा ओढायला मला आवडतं.

डाव्या स्तनात गाठ निघाली आणि सगळा स्तन काढावा लागेल असं ठरलं, तेव्हा मी परळच्या वाऱ्या करत होते. टाटाचं इस्पितळ १९४१ पासून तिथे आहे. त्याच्या आसपासच्या फुटपाथवर अर्धा महाराष्ट्र भेटतो. पथारी टाकून बसलेली माणसं, मांडीवर फायली. माझं ऑपरेशन दुसरीकडे झालं, पण दुसरं मत घ्यायला मीही त्या रांगेत बसले होते. स्तन परत तयार करता येतो, हे मला तिथेच शेजारी बसलेल्या एका शाळेतल्या बाईंनी सांगितलं. त्यांचा झाला होता.

डॉक्टरांनी मला दोन वाटा सांगितल्या. पहिली सिलिकॉनच्या पिशवीची. तिला खालून आधार द्यायला एक पडदा लावतात. माणसाची, डुकराची किंवा गुराची कातडी घेऊन तिच्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढतात. उरतो तो नुसता धाग्यांचा सांगाडा. पिशवी त्यात झोळीसारखी पेलायची. पुढे आपल्याच पेशी आणि रक्तवाहिन्या हळूहळू त्या सांगाड्यात शिरतात. मला परसातला पडवळाचा मांडव आठवला. काठ्या मेलेल्याच असतात, वेल जिवंत असतो, आणि श्रावणात कुठली काठी नि कुठला वेल ते कळत नाही.

सासूबाई माळकरी. त्यांनी एवढंच विचारलं, "कातडं कोणाचं गो?" डॉक्टरांना मी तेच विचारलं. ते हसले नाहीत. प्रत्येक पडदा कशापासून केला ते पाकिटावर लिहिलेलं असतं आणि विचारायचा तुम्हाला हक्क आहे, म्हणाले. किंमत ऐकून आमचे हे गप्प झाले. शिवाय मला पुढे रेडिएशन, म्हणजे बायकांच्या भाषेत शेक, घ्यायचा होता. शेकलेल्या जागी पिशवीला त्रास व्हायची शक्यता वाढते.

दुसरी वाट पाठीची. पाठीला काखेखाली एक रुंद, चपटा स्नायू असतो. तो वरच्या कातडीच्या तुकड्यासकट सोडवायचा, काखेतून त्याला येणारी रक्तवाहिनी तशीच ठेवायची आणि कातडीखालून बोगदा करून पुढे छातीवर आणायचा. मी म्हटलं, "म्हणजे भेटकलम." डॉक्टर सांगलीकडचे, त्यांना समजावून सांगावं लागलं. मग तेच म्हणाले, ही रीत जुनी आहे, इटलीतल्या तान्सिनी नावाच्या डॉक्टरांनी १९०६ मध्ये ती लिहून ठेवली. आणि त्याच्याही आधीची गोष्ट आपल्या पुण्याची. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने मेणाचं माप घेऊन त्याच्या कपाळाची कातडी सोडवली, दोन भुवयांमध्ये देठ ठेवला आणि ती खाली वळवून नाक बसवलं. जोड धरल्यावरच देठ कापला. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं.

मी दिरांना फोन केला. ते म्हणाले, "आणि हे तर आईपासून तोडतच नाहीत? मग कसली भीती, वहिनी!"

भीती जगण्या-सुकण्याची नव्हतीच. तो स्नायू काय काम करतो, ते मी विचारलं होतं. ओढायचं, चढायचं, हातावर जोर देऊन उठायचं. म्हणजे माझा पोहरा. पोळ्या उजव्या हाताने लाटते, त्या वाचणार होत्या. दोन रात्री मी हाच हिशेब करत पडले. शेवटी पाठ दिली.

पाठीतून पाणी झिरपत राहिलं, नळी अठरा दिवस होती. ती पिशवी परकराच्या नाडीला अडकवून मी घरात फिरायची. आता दोन वर्षं झाली. नवा स्तन मऊ आहे, पण बधिर आहे, थंडीत गार पडतो. बादली उचलली की आतला स्नायू उडतो, कारण त्याला अजून वाटतं आपण पाठीतच आहोत. पोहरा पूर्वीसारखा ओढवत नाही, निम्मा भरून काढते. पण पदर सारखा पुढे ओढायची सवय सुटली, आणि वाकून पीठ मळताना काही घसरेल ही धास्ती नाही.

त्या शाळेतल्या बाईंचा पडदा छान बसला. त्यांच्याबरोबरच्या एकीची जागा लाल झाली, पू झाला, पिशवी आणि पडदा दोन्ही काढावं लागलं. सगळे पडदे सारखे नसतात. काहींनी त्रास जास्त होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये दिला.

स्टेशनबाहेर रानभाजी विकणारी पाड्यावरची एक मावशी आहे. तिचाही डावाच काढला. तिने काहीच करून घेतलं नाही. म्हणाली, "मला पाटी डोक्यावर घ्यायची हाय. पाठ कापून छातीला लावली तर पाटी कोण उचलील?" पोलक्यात ती मोहरीची पुरचुंडी शिवून घालते. वजन बरोबर झालं पाहिजे, नाहीतर खांदा एकीकडे उतरतो, म्हणाली. तिचा हिशेब तिच्या कामाचा होता, माझा माझ्या. ज्यांना स्तन परत हवा होता त्या नटव्या नव्हत्या आणि मावशीने नाही म्हटलं त्यात हार नव्हती.

आता आमच्या चाळीतल्या, गावातल्या बायका हळूच विचारायला येतात. मी दार लावते आणि आधी पाठीवरचा व्रण दाखवते, छाती नंतर. मग सांगते, डॉक्टरांना विचारा: कुठून काढणार, ती जागा काय काम करत होती, बाहेरचं असेल तर कशापासून केलंय, शेक आधी की नंतर, बिघडलं तर काय काढावं लागेल. आणि तुम्ही दिवसभर काय उचलता, काय ओढता, तेही त्यांना सांगा. ते त्यांना माहीत नसतं.